पालथा हात

मुलगा चहाचा कप उचलायला वाकला तेव्हा उस्तादांना त्याच्या मानेवर परक्या माणसाचं काम दिसलं. केसांची कड कॉलरच्या वर सरळ आडवी काढलेली होती, दोन्ही कोपरे काटकोनात, पट्टी ठेवून आखल्यासारखे. मशीन चांगलं होतं, हातही वाईट नव्हता. डाव्या कानामागे एक बारीकशी पायरी राहून गेली होती, एवढंच. पण ही मान उस्तादांनी काढलेली नव्हती. उस्ताद मान उतरती काढत. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे बोटालाही कळता कामा नये, असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि उस्तादांच्या दुकानातून बाहेर पडलेल्या एकाही मानेवर कोणाला अशी रेघ दाखवता आली नसती. त्यांनी पाव चहात बुडवला. तो गरजेपेक्षा जास्त वेळ बुडालेला राहिला आणि तुटून कपात पडला. बायको म्हणाली, "अहो, लक्ष कुठंय?" "इथंच आहे," उस्ताद म्हणाले. मुलाने कप विसळून ठेवला, पाठीला बॅग अडकवली, डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि नेहमीसारखं कोणाकडेही न बघता "येतो" म्हणून तो निघून गेला. उस्तादांनी तळाशी गेलेला पाव चमच्याने काढून खाल्ला. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात आलं. तिला माहीत असणारच. आईला सगळं आधी कळतं आणि बापाला शेवटी, तेही मानेवरून. त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या मुलाचे केस कोणी कापले हे केस कापणाऱ्याने विचारायचं म्हणजे आचाऱ्याने शेजारी जाऊन आज आमच्याकडे काय शिजलंय म्हणून विचारण्यासारखं होतं.

त्या घरात कोणी परक्या खुर्चीत बसलं नव्हतं. आजोबांनी वडिलांचे केस कापले, वडिलांनी उस्तादांचे. वडील गेल्यावर उस्तादांनी स्वतःच्या बायकोच्या हातात कात्री दिली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिला शिकवलं. पहिल्या वर्षी कानाला दोनदा टोक लागलं. तेव्हा ती म्हणाली होती, "दुसरीकडे जा ना, लाज कसली?" लाजेचा प्रश्न नव्हता. काही घरं आपल्या विहिरीचंच पाणी पितात, तसं हे होतं. आणि या सगळ्याच्या वर होती पहिली दाढी. मुलाच्या ओठांवर, गालांवर पुरेसं उगवलं की एका रविवारी सकाळी दुकान भरलेलं असताना बापाने त्याला पहिल्या खुर्चीत बसवायचं, फेस करायचा, वस्तरा फिरवायचा, आणि शेवटी खुर्ची आरशाकडून लोकांकडे वळवायची. मग एकेक गिऱ्हाईक उठून यायचं आणि हात पालथा करून, बोटांच्या मागच्या बाजूने, त्या नव्या गालावरून एकदा खालपर्यंत उतरायचं. बोटांची पुढची बाजू कामाने राठ झालेली असते, खरा गुळगुळीतपणा पालथ्या हातालाच कळतो, असं आजोबांचं म्हणणं. कुठे खुंट लागला तर बापाची फजिती. उस्तादांना आपला दिवस आठवत होता. किती हात फिरले होते! लोहाराचा हात तापलेला होता, कारकुनाचा थंड आणि घामट, आणि एका म्हाताऱ्याने हात फिरवून झाल्यावर नुसतं "हं" म्हटलं होतं. त्या "हं"ने वडिलांची छाती दोन बोटं पुढे आली होती. दुकानाचं कुलूप उघडताना उस्तादांनी नकळत स्वतःच्या गालावरून पालथा हात फिरवला. मुलाची पहिली दाढी आता वर्षभर लांबली होती.

लांबली होती ती मुरुमांमुळे. दाढी उगवायला आणि ते यायला एकच गाठ पडली. आधी कपाळावर बारीक पुरळ, मग नाकाच्या बाजूंना पिवळी टोकं, आणि मग गालांवर, जबड्याच्या कडेने, खोल, टणक, टोक नसलेल्या गाठी. त्या दुखत. मुलगा कुशीवर झोपेना. जांभई आली तर अर्ध्यात थांबवी. तोंडावरून टी-शर्ट काढताना गळा दोन्ही हातांनी ताणून, चिमणीचं पिल्लू काढावं तसं डोकं बाहेर काढी. आणि या सगळ्यावर कोवळी दाढी उगवली, खडकाळ जागी गवत उगवतं तशी, कुठे दाट कुठे काहीच नाही. दुकानात मुलगा जेवणाचा डबा घेऊन आला की बाकावरची माणसं बोलू लागत. रोज पेपर वाचायला येणारे, आठवड्यातून दोनदा दाढी करून घेणारे निवृत्त मास्तर सगळ्यांत आघाडीवर. "उस्ताद, हे म्हणजे दिव्याखाली अंधार झाला हो. सगळ्या गावाची तोंडं उजळता आणि घरचं तोंड असं?" कोणी म्हणे, तळलेलं बंद करा. कोणी म्हणे, पोट साफ नाही. कोणी म्हणे, या वयात सगळ्यांनाच होतं, आम्ही काय डॉक्टरकडे गेलो होतो का. मास्तर चष्मा नाकावर खाली ओढून मुलाच्या चेहऱ्याकडे, नकाशात गाव शोधावं तसे बघत. मुलगा डबा ठेवून निघून जाई. उस्तादांना राग यायचा, पण मास्तरांचा नव्हे. चेहरा हा उस्तादांचा प्रांत होता आणि त्यांच्याच प्रांतात बंड झालं होतं.

मग त्यांनी ते बंड मोडायला घेतलं, दुकानाच्या पद्धतीने. दुकान बंद झाल्यावर मुलाला खुर्चीत बसवायचे, सगळे दिवे लावायचे. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर. दाणेदार मलमाने घासणं. मग टॉवेलचं टोक अंगठ्याभोवती गुंडाळून जे दाबता येईल ते दाबणं, वरून तुरटी, वरून झोंबणारं लोशन. झोंबलं म्हणजे काम झालं, हे गिऱ्हाइकांनीच त्यांना शिकवलं होतं. लोशन झोंबलं नाही तर लोक पैसे देताना नाराज दिसतात. मुलगा खुर्चीचे हात घट्ट धरून बसे. डोळ्यांतून पाणी येई पण तोंडातून आवाज नाही. उस्तादांना त्याचाही अभिमान वाटे, आपल्यावर गेलाय. डाव्या गालावर एक गाठ होती, सुपारीएवढी, तिला तोंड नव्हतं. ती त्यांनी दोन रात्री सोडून दिली आणि तिसऱ्या रात्री सोडली नाही. हजारो चेहरे या बोटांखालून गेले होते, एक गाठ काय ऐकत नाही, असं त्यांना वाटलं होतं. तिने ऐकलं नाही. आत फुटली, गाल डोळ्यापर्यंत सुजला, आणि महिन्याने सूज गेली तेव्हा तिथे एक खड्डा राहिला. तिरप्या उजेडात तो अजून दिसे. उस्तादांना तो तिरप्या उजेडाशिवायही दिसे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे बायको घेऊन गेली. उस्ताद बरोबर गेले ते, बायका उगाच घाबरतात, असं म्हणत. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि त्यांच्या टेबलावर भिंगाचा दिवा होता. त्यांनी मुलाचा चेहरा हात न लावता बराच वेळ पाहिला. हात न लावता इतका वेळ चेहरा बघणारं माणूस उस्ताद पहिल्यांदाच बघत होते. मग त्या डाव्या गालापाशी थांबल्या. "ही कोणी दाबली?" त्यांनी विचारलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. उस्तादांनी हात मांडीवर ठेवले होते, अंगठे आत मुडपून. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मीच." इतक्या सहज म्हणाला की बायकोनेही वळून पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत करू नकोस. तुझा शत्रू तुझी बोटं आहेत." मुलाने मान हलवली. बापाकडे त्याने पाहिलं नाही, आणि नंतरही कधी, घरी, रस्त्यात, भांडणात, तो विषय त्याने काढला नाही. काही माणसं दुसऱ्याचं ओझं उचलतात आणि मग दिवसभर सांगत फिरतात. हा पोरगा ते खांद्यावर टाकून सरळ चालू लागला होता. त्या एका शब्दाने उस्तादांना जेवढं खाली आणलं तेवढंच वर नेलं. आपल्याला एवढा मोठा मुलगा कधी झाला, हे त्यांना समजेना.

"वडील काय करतात?" असं विचारून झाल्यावर डॉक्टरीणबाई मोकळेपणाने हसल्या होत्या. "मग बरंच झालं. केसांना लावायचं मेण घरात असेल ना? ते बंद. कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजवतं. घासायचं नाही, वाफ द्यायची नाही, तुरटी नाही, झोंबणारं काही नाही." दुकानाच्या फळीवरची एकेक बाटली त्या नाव न घेता खाली उतरवत होत्या. "सौम्य साबणाने सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं. सकाळी हे जेल, वर उन्हाचं क्रीम. संध्याकाळी हे दुसरं, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. फोडांवर ठिपके देत बसायचं नाही. कोरडं पडेल, मग साधं बिनतेलाचं क्रीम लावायचं. गोळ्या काही महिने. सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल. तीन महिने झाल्याशिवाय मला काही विचारू नका." "आणि दाढी?" उस्तादांनी विचारलं. आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "दाढी करायला हरकत नाही. उलट केस वाढले की मलम केसांनाच लागतं. पण हलक्या हाताने. नाहीतर काही दिवस थांबा." ते थांबले. मुलगा मात्र थांबला नाही. तो रोज ते करत राहिला. शाळेत कधी वह्या वेळेवर न देणारा, बिछाना न आवरणारा, "मालक, दुकान तुमच्या हाती आलं तर गिऱ्हाइकं बिनदाढीची मरतील," असं उस्ताद ज्याला चिडवत, तो मुलगा सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा राहून घड्याळजीच्या काळजीने चेहऱ्यावर मलम पसरत होता. उशीचा अभ्रा स्वतः धूत होता. जेलने टॉवेलचा रंग उडतो, म्हणून दुकानातून घरी आलेल्या दोन लाल टॉवेलांवर फिकट ढग उमटले. बायको ओरडली तेव्हापासून तो पांढराच टॉवेल वापरू लागला. पहिले काही आठवडे चेहरा आणखी बिघडला, सोलवटला, लाल झाला. उस्ताद दोनदा म्हणाले, "सोड रे हे." मुलगा म्हणाला, "सांगितलंय ना त्यांनी, वाढल्यासारखं वाटेल." बस, एवढंच. उस्तादांनी कारागीर पाहिले होते जे दोन आठवड्यांत कंटाळून कात्री टाकून गेले. उजव्या गालावरच्या गाठी बसल्या. कपाळ साफ झालं. जबड्याच्या कडेला मात्र तीन-चार जागा अजून दुखऱ्या होत्या, आणि त्यांच्याभोवती दाढी वाढत होती. पहिल्या दाढीचं नाव कोणी काढत नव्हतं. उस्तादांच्या मनात ती रोज होत होती.

आणि आता मानेवर ही रेघ. दुकानात त्या दिवशी मास्तर आले, बसले, फेस झाला. "काय उस्ताद, आज गप्प?" उस्ताद म्हणाले, "वस्तरा गळ्यावर आहे मास्तर, तुम्हीही गप्प बसा." बाकावरचे हसले. पण उस्ताद आत कुठेतरी हिशेब लावत होते. आज मान, उद्या दाढी. जो मानेसाठी दुसरीकडे गेला तो दाढीसाठी इथे कशाला येईल? मग पहिल्या खुर्चीत बसून दुकानाकडे वळणारा या घरातला शेवटचा मुलगा ते स्वतःच. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी दुकान कारागिराच्या हवाली केलं आणि अंगावरचा झगा काढला. चौकोनी मान आसपास कोण काढतं हे त्यांना माहीत होतं. दोन गल्ल्या पलीकडे एका तरुण बाईने काचेच्या दाराचं दुकान घातलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मानांवरून उस्तादांनी तिची परीक्षा केव्हाच घेतली होती, पास केलं होतं आणि हे कोणाला सांगितलं नव्हतं.

दार ढकलून ते आत गेले. नुसतं उभं राहता येईना, म्हणून खुर्चीत बसले. परकी खुर्ची. हात ठेवायची जागा उंच होती. तिने गळ्याभोवती कापड बांधलं, मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मान घरी काढता वाटतं?" "बायको काढते." "चांगली काढतात. कोणीतरी नीट शिकवलंय." उस्तादांना ते ऐकून एवढं बरं वाटलं की क्षणभर आपण कशासाठी आलो ते विसरायला झालं. मग त्यांनी आरशातून विचारलं, "काल-परवा एक मुलगा आला होता का इथं? सतरा-अठराचा?" मुरुमांचा चेहरा असलेला, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. ती ते म्हणेल अशी त्यांनी वाट पाहिली. ती म्हणाली, "कोण, तो सरळ मान मागणारा? गोड मुलगा आहे. आल्या आल्या म्हणाला, खुर्ची भिंतीकडे वळवली तर चालेल का? म्हटलं, चालेल की. माझ्या भिंतीवर कॅलेंडर आहे, ते बघत बसला." कात्री थांबली. "दाढीचंही विचारत होता. मी नाही म्हटलं. जबड्यावर दुखरं आहे त्याच्या, वस्तऱ्याचा रोजचा हात हवा तिथे, माझा नाही तो. त्याला म्हटलं, दोन गल्ल्या पलीकडे एक जुने उस्ताद आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांच्या हाताला तोड नाही म्हणतात." उस्तादांनी विचारलं, "मग?" "मग काय? हसला. म्हणाला, मला माहितीय. असं म्हणाला की जणू तो हात त्याचाच आहे." ती पुन्हा कापू लागली. आरशात उस्तादांना एक पन्नाशीचा माणूस दिसला, कापडातून फक्त डोकं बाहेर, आणि चेहऱ्यावर काय चाललंय ते लपवायला हात मोकळे नव्हते. सगळ्या आयुष्यात त्यांनी खुर्चीच्या मागे उभं राहून आरशात पाहिलं होतं. बसलेल्याला एवढं सगळं दिसतं, आणि एवढं सगळं दाखवावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. पांढरा टॉवेल, अभ्रा, दोन शर्ट. उस्ताद दारात उभे राहिले. मुलाने एकदा बापाच्या डोक्याकडे पाहिलं, चिमटा तोंडात धरला आणि पुन्हा पाहिलं. कल्ले काटकोनात होते. "बाबा," तो चिमटा काढून म्हणाला, "तुम्ही तिथे गेला होता?" "केस वाढले होते." मुलगा हसला. जबडा दुखला असावा, हसणं मध्येच आवरलं. मग दोघेही रस्त्याकडे बघत उभे राहिले. खाली कोणी तरी सायकलला पंप मारत होतं. "तुम्ही कापले असते तर चांगलेच कापले असते," मुलगा म्हणाला. "पण तुमचा हात केसांवर थांबत नाही, बाबा. मानेवरून गालावर येतो. कपाळ बघतो. हनुवटी धरून तोंड उजेडात फिरवतो. आणि मागून मास्तर सुरू होतात." खरं होतं. आताही त्यांचा हात उठून मुलाच्या हनुवटीकडे जायला निघाला होता. तो त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. मुलगा पुढे म्हणाला, "दाढी करायला हवीय. मलम आत पोचत नाही. मशीननेही चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मशीन काय, कोणीही फिरवतं." उस्तादांनी अगदी सावकाश विचारलं, "मग कधी?" "रविवारी. तुम्ही करा." "दुकान उघडायच्या आधी करू. कोणी नसताना." मुलाने अभ्रा झटकला. "नको. कोणी नसताना केली तर लपवल्यासारखं होईल. सगळे असू देत. पण माझ्या गालाला हात कोणी लावायचा नाही. मास्तरांनीही नाही. आणि तुम्ही मी सांगेन तसं करायचं." तीस वर्षं वस्तरा धरलेल्या माणसाला कोणी असं सांगितलं नव्हतं. उस्ताद म्हणाले, "बरं, मालक." पहिल्यांदाच त्या शब्दात थट्टा नव्हती, आणि ते दोघांनाही ऐकू आलं.

रविवारी दुकान भरलेलं होतं. बातमी कशी पसरते ते दुकानाला नवीन नव्हतं. बाकावर जागा नव्हती, दोघे दाराला टेकून उभे होते आणि मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुलाने टोपी काढून खुंटीला लावली आणि पहिल्या खुर्चीत बसला, आरशाकडे तोंड करून. उस्तादांचा हात सवयीने वाफाळत्या टॉवेलकडे गेला. "गरम नको," मुलगा म्हणाला. "कोमट." बाकावर कोणीतरी "वा" म्हटलं. उस्तादांनी पाणी बदललं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं पाहतात तसं. फेस बिनवासाच्या साबणाचा, ब्रश नाही, बोटांच्या टोकांनी, चोळून लावलेला नाही तर नुसता ठेवलेला. नवीन पातं. "कातडी ताणू नका." दाढीत कातडी ताणणं हा उस्तादांच्या डाव्या हाताचा धर्म होता. उजवा हात कापतो आणि डावा त्याला जमीन तयार करून देतो. त्यांनी डावा हात पाठीमागे नेला आणि तो तिथेच ठेवला. "केस जिकडे वळलेत तिकडेच. उलटा हात नको." "नाही फिरवत." वस्तरा उजव्या गालावर उतरला आणि उस्तादांना एक नवीनच गोष्ट जाणवली. सपाट गालावर पातं आपोआप चालतं, हात कारागिराचा असला तरी वाट गालाची असते. इथे वाट नव्हती. इथे प्रत्येक इंचाला विचारावं लागत होतं. बसलेल्या गाठींचे डाग, त्यांच्या कडा, एक उंचवटा, एक खोलगट. त्यांनी श्वास धरला नाही, कारण श्वास धरला की हात कडक होतो. फक्त तो लहान केला. डाव्या गालावर खड्ड्यापाशी आले तेव्हा मुलाचे डोळे आरशात त्यांच्यावर होते. उस्तादांनी नजर चुकवली नाही. पातं त्या खड्ड्याच्या काठाने गेलं, आत उतरलं, पलीकडून बाहेर आलं. मुलगा हलला नाही. त्याने डोळे मिटले, आणि ते मिटणं दुखल्याचं नव्हतं.

मग जबडा. तीन जागा लाल होत्या, टपोऱ्या, त्यांच्यावरचे केस उभे. त्यांच्याभोवतीची दाढी निघाली. आता फक्त त्या उरल्या. उस्तादांना त्या काढता आल्या असत्या. हे त्यांना हातात स्पष्ट जाणवत होतं. पात्याचं टोक असं धरायचं, मनगट जरा वर, केस बुडापासून जातील आणि कातडीला कळणारही नाही. बहुतेक कळणार नाही. वडिलांनी काढले असते. दुकानभर माणसं बघत होती आणि अर्धवट दाढी या खुर्चीतून कधी उठली नव्हती. याबद्दल मुलाने काही सांगून ठेवलं नव्हतं. त्याने मान थोडी मागे टाकली आणि जबडा पुढे केला, पूर्ण. उस्तादांनी वस्तरा मिटला. कोमट पाण्याने चेहरा धुतला, पांढऱ्या टॉवेलने टिपला, तुरटीच्या वडीकडे पाहिलंही नाही, आणि खुर्ची लोकांकडे वळवली.

चेहरा उघडा पडला होता. डाग, खड्डा, सोललेली नाकपुडी, सगळं सकाळच्या स्वच्छ उजेडात, आणि जबड्याच्या कडेला केसांचे तीन झुपके, कापणी झालेल्या शेतात पाखरांच्या घरट्यांसाठी उभी ताटं सोडावीत तसे. मास्तर रिवाजाप्रमाणे सगळ्यांत आधी उठले. हात पालथा करून ते दोन पावलं पुढे आले. मुलगा म्हणाला, "काका, हात नको. नुसतं बघा." मास्तरांचा हात हवेत राहिला. त्यांनी चष्मा खाली ओढला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा वर सरकवला. "उस्ताद," ते म्हणाले, "इथे तीन ठिकाणी राहिलीय हो." तेवढ्यासाठीच कोणी आजवर उस्तादांना टोकलं असतं तर त्यांना आठवडाभर अन्न गोड लागलं नसतं. "राहिली नाही," ते म्हणाले. "तेवढीच करायची होती." बाकावरून कोणी हसलं नाही. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकजण पुढे आला, मुलासमोर उभा राहिला, चेहरा पाहिला आणि मान तुकवून बाजूला झाला. त्याच्या मागे दुसरा. कारागीरही हातातलं काम ठेवून आला. मुलगा ताठ बसला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे, तो बघून संपेपर्यंत, बघत होता. मग तो उठला, मानेवरचं कापड स्वतः सोडलं, झटकलं, घडी केलं. "येतो बाबा, क्लास आहे," म्हणाला आणि उघड्या तोंडाने रस्त्यावर गेला. खुंटीवर टोपी तशीच होती. तिकडे उस्तादांनी पाहिलं नाही. ते काचेतून रस्ता बघत होते, जिथे मुलगा एका बाईला वाट देण्यासाठी थांबला, तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो सरळ पुढे चालत गेला.

"चला मास्तर," उस्ताद म्हणाले. मास्तर पहिल्या खुर्चीत बसले. "माझी मात्र पूर्ण करा बरं का," ते म्हणाले, "मला कोणी डॉक्टरीण नाही सांभाळायला." दुकान हसलं, जरा मोठ्यानेच, सुटल्यासारखं. ब्रश फिरला, फेस झाला, नेहमीचं गरम पाणी, नेहमीचा वास. उस्तादांनी डाव्या हाताने मास्तरांचा गाल ताणला, वस्तरा उघडला, आणि तो कानाजवळ नेला तेव्हा त्यांना दिसलं की पात्याचं टोक थरथरतंय. इतका वेळ हललं नव्हतं ते आता हलत होतं. त्यांनी मनगट दाबून पाहिलं. थांबेना. मास्तर आरशातून ते पाहत होते आणि तोंडभर फेस असल्यामुळे, किंवा नसता तरीही, काही बोलत नव्हते. उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून थांबवणं त्या दुकानात कधी झालं नव्हतं. "जरा थांबा मास्तर," ते म्हणाले, आणि हात लपवायची काही घाई न करता, सगळ्यांच्या देखत, तो शांत होण्याची वाट बघत उभे राहिले.